नागपूरचा पत्ता हा उमेदवारीतला दोष नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

माझी धाकटी मुलगी विद्युत अभियंता आहे. पदवीनंतर ती नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात अडीच वर्षांपासून कंट्रोल पॅनेलच्या जोडणीचे आणि तपासणीचे काम करते आहे. गेल्या वर्षी तिने पुण्यात नोकरी शोधायला सुरुवात केली, कारण तिला ज्या कामात पुढे जायचे आहे, म्हणजे पीएलसी (कारखान्यातली यंत्रे चालवणारा छोटा संगणक) प्रोग्रॅमिंग आणि कारखान्यांचे स्वयंचलन, त्या कामाच्या जागा चाकण, भोसरी, रांजणगाव या पट्ट्यात अधिक निघतात. आठ महिन्यांत तिने दीडशेच्या वर अर्ज केले. अकरा ठिकाणांहून फोन आले आणि त्यांतल्या आठ ठिकाणचे बोलणे एकाच प्रश्नापाशी संपले. तो प्रश्न शिक्षणाचा, अनुभवाचा किंवा पगाराचा नव्हता. "सध्या तुम्ही राहता कुठे?" एवढेच विचारले जाई, आणि "नागपूरला" असे उत्तर मिळाले की "आम्ही सध्या पुण्यातलेच उमेदवार बघतो आहोत, तुम्ही इकडे शिफ्ट झालात की कळवा" असे सांगून फोन ठेवला जाई. हातची नोकरी सोडून पुण्यात खोली घेऊन राहा आणि मग नोकरी मागायला या, असा या वाक्याचा सरळ अर्थ आहे. ज्या घरात एकच निवृत्तिवेतन येते, त्या घराला हे कसे जमावे?

मी तंत्रनिकेतनात एकोणतीस वर्षे शिकवून निवृत्त झालो आहे. माझे विद्यार्थी आज राज्यभर कामाला आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांनी हा अनुभव केव्हा ना केव्हा घेतलेला आहे. तरीही हा विषय मला इतका जवळून कळला तो मुलीमुळेच, हे मान्य करून पुढे लिहितो.

तिच्याबरोबर शिकलेली आणि आता पुण्यात स्थिरावलेली एक मैत्रीण तिला म्हणाली, "अगं, बायोडेटावरचा मानेवाड्याचा पत्ता काढ आणि माझ्या वाकडच्या फ्लॅटचा टाक. सगळे असंच करतात." मुलीला ते पटले नव्हते. पण पाच महिने कोरडे गेल्यावर तिने एका संध्याकाळी पत्ता बदलला, नोकरीच्या संकेतस्थळावर 'सध्याचे ठिकाण' या रकान्यात पुणे लिहिले आणि मला दाखवले. ज्या घरात ती जन्मापासून वाढली त्या घराचा पत्ता तिला स्वतःच्या हाताने खोडावा लागला, याचे मला त्या दिवशी जितके वाईट वाटले तितके तिला आलेल्या नकारांचे कधी वाटले नव्हते. पुढच्या पंधरा दिवसांत तीन फोन आले. शिक्षण तेच होते, अनुभव तोच होता, प्रकल्पांची यादीही तीच होती. बदलली होती ती फक्त पत्त्याची ओळ.

त्यांतल्या एका कंपनीने दुपारी चारला फोन करून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला बोलावले. पुण्यातला उमेदवार असता तर त्याला काहीच अवघड नव्हते. मुलीने अर्ध्या तासात ट्रॅव्हल्सचे तिकीट काढले, सात वाजता गणेशपेठेतून बसली आणि सकाळी साडेनऊला वाघोलीच्या अलीकडे वाहतुकीत अडकली. तिथेच उतरून तिने एका पेट्रोल पंपाच्या स्वच्छतागृहात तोंड धुतले, पिशवीत घडी करून नेलेला कुर्ता बदलला आणि रिक्षाने भोसरी गाठली. कारखान्याच्या फाटकावर सुरक्षारक्षकाने नोंदवही पुढे केली. त्यात नाव, वेळ, कोणाला भेटायचे आणि 'कोठून आलात' असे रकाने होते. रात्रभर सातशे किलोमीटर प्रवास करून आलेल्या मुलीने त्या रकान्यात 'वाकड' लिहिले. घरी आल्यावर मुलाखतीबद्दल काही सांगण्याआधी तिने मला हेच सांगितले.

मुलाखत उत्तम झाली. तिच्यापुढे एका मोटरच्या नियंत्रणाचा आराखडा ठेवून त्यातला दोष विचारला होता. बटण दाबून धरले तरच मोटर चालते आणि बोट उचलले की थांबते, अशी ती अडचण होती. बटण सोडल्यावरही मोटरचा पुरवठा चालू ठेवणारा होल्डिंगचा कॉन्टॅक्ट आराखड्यातून सुटला आहे, हे तिने दोन मिनिटांत दाखवले. विभागप्रमुखांनी तिच्यासमोरच मनुष्यबळ विभागाला फोन करून पुढची कार्यवाही करायला सांगितले. तिथे आधार कार्ड मागितले गेले, त्यावर नागपूरचा पत्ता निघाला, रुजू होण्यासाठी तीस दिवसांचा नोटीस पिरियड लागेल हेही तिने सांगितले, आणि "आम्हाला वाटलं तुम्ही इथल्याच आहात, बघतो, कळवतो" यावर विषय संपला. नंतर कोणी कळवले नाही. तिने पाठवलेल्या दोन ईमेलना उत्तरही आले नाही. जाण्या-येण्याचे भाडे, रिक्षा आणि परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची असल्यामुळे एका रात्रीचे लॉज मिळून सहा हजारांच्या आसपास खर्च झाला. तिच्या बुटीबोरीच्या पगारातली ही जवळपास दहा दिवसांची कमाई होती, आणि रजा बिनपगारी झाली ती वेगळीच.

मुलीने पत्ता खोटा लिहिला, ही चूक आहे. मी तिला तसे सांगितले आणि तिने तो परत बदललाही. पण खरे लिहिणाऱ्याचा अर्ज उघडायचाच नाही आणि खोटे लिहिणाऱ्याला दुसऱ्या दिवशी बोलवायचे, अशी पद्धत जिथे रुळली आहे तिथे दोष एकट्या उमेदवाराच्या पदरात टाकता येणार नाही. नोकरीच्या संकेतस्थळांवर भरती करणाऱ्याला शहरानुसार अर्ज गाळण्याची सोय असते. एक खूण केली की नागपूर, अमरावती, चंद्रपूर, नांदेड, लातूर सगळे एका झटक्यात पडद्यावरून जातात. ते अर्ज नाकारले गेले असेही म्हणता येत नाही, कारण ते कोणी पाहिलेलेच नसतात.

कंपन्यांची बाजू मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांकडून समजून घेतली. त्यांतले काही आज स्वतः माणसे निवडतात. ते सांगतात की बाहेरगावचा उमेदवार ऑफर लेटर घेतो आणि ऐनवेळी येत नाही, किंवा येतो आणि पुण्यातला खर्च झेपत नाही म्हणून सहा महिन्यांत परत जातो, मग सगळी भरती पहिल्यापासून करावी लागते. ही अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. परंतु ऑफर घेऊन न येणारे उमेदवार पुण्यातलेही असतात. एकाच शहरात दहा कंपन्या हाताशी असलेल्या माणसाला नोकरी बदलणे तर अधिकच सोपे असते. घर सोडून, डिपॉझिट भरून, सामान हलवून आलेला माणूस सहजासहजी जागा सोडत नाही, असे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. रुजू होण्याच्या मुदतीबद्दलही थोडे बोलले पाहिजे. ज्या कंपन्या स्वतःच्या कर्मचाऱ्याला साठ किंवा नव्वद दिवसांच्या नोटीशीशिवाय सोडत नाहीत, त्याच कंपन्या दुसरीकडे नोकरीत असलेल्या उमेदवाराने सोमवारपासून यावे अशी अपेक्षा धरतात. बुटीबोरीच्या मालकालाही तिच्या जागी माणूस बघायचा असतो, त्यालाही तीस दिवस मिळायला हवेत.

आणखी एक गोष्ट मला फार खुपते. महाराष्ट्रात अधिवास प्रमाणपत्रासाठी राज्यात पंधरा वर्षांचे वास्तव्य लागते, आणि राज्याच्या औद्योगिक धोरणात उद्योगांनी स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या द्याव्यात अशी अपेक्षा अनेक वर्षांपासून आहे. त्या हिशेबात नागपूरची मुलगी चाकणमध्ये स्थानिकच आहे. सरकारकडे आकडे पाठवताना ती स्थानिकांत धरायची आणि अर्ज छाननीला आला की बाहेरची म्हणून गाळायची, हे कोणत्या न्यायाने? विदर्भाला तर हा प्रश्न नवा नाही. विदर्भ महाराष्ट्रात येण्याआधी झालेल्या २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात शासकीय सेवांतील भरती लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावी असे कबूल केले होते, आणि पुढे राज्यघटनेच्या कलम ३७१(२) मध्ये विकास मंडळांच्या तरतुदीबरोबर तंत्रशिक्षणाच्या सोयी आणि राज्यसेवेतील नोकरीच्या पुरेशा संधी यांचाही उल्लेख आला. कलम १६ प्रमाणे केवळ जन्मस्थान किंवा निवासस्थान यावरून सरकारी नोकरीत भेदभाव करता येत नाही, आणि कलम १९ प्रमाणे देशात कुठेही राहण्याचा आणि व्यवसाय करण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. खासगी कंपनीला कलम १६ लागू होत नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच ही मागणी न्यायालयात नेण्याची नाही. ती उद्योजकांशी, त्यांच्या संघटनांशी आणि सरकारशी बोलून पुढे न्यायची आहे.

प्रवासाबद्दल लिहिल्याशिवाय नागपूरच्या उमेदवाराची अडचण पुरती कळणार नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा सगळा रस्ता खुला झाला. मुंबई जवळ आली, यात शंका नाही. पुण्याच्या गाड्या मात्र छत्रपती संभाजीनगरच्या आसपास समृद्धी सोडून अहिल्यानगरमार्गे जातात, आणि वाघोलीपासून पुढच्या गर्दीत वाचवलेला वेळ पुन्हा जातो. १ जुलै २०२३ च्या पहाटे याच महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी होरपळून गेले. शिक्षणासाठी, नोकरीसाठी निघालेली तरुण मुले त्यांत होती. मुलगी रात्रीच्या गाडीत बसली की त्या रात्री आमच्या घरात कोणी नीट झोपत नाही, आणि विदर्भातल्या हजारो घरांत तसेच होत असणार. ऑगस्ट २०२५ मध्ये अजनी ते पुणे वंदे भारत सुरू झाली, ही खरोखर चांगली सोय झाली आहे. ती सकाळी निघून बारा तासांनी रात्री पुण्यात पोहोचते. म्हणजे अकराच्या मुलाखतीसाठी आदल्या दिवशीच निघायचे, रात्री मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी परत फिरायचे. अर्ध्या तासाच्या भेटीसाठी तीन दिवस लागतात.

म्हणून माझी पहिली मागणी अगदी साधी आहे. बाहेरगावच्या उमेदवाराची पहिली फेरी व्हिडिओवर घ्यावी. करोनाच्या काळात याच कंपन्यांनी संपूर्ण भरती पडद्यावर केली, माणसांना प्रत्यक्ष न पाहता रुजू करून घेतले आणि कामेही चालली. तेव्हा जमलेले आता का जमू नये? प्रत्यक्ष बोलवायचे असेल तर शेवटच्या फेरीलाच बोलवावे, किमान पाच दिवस आधी कळवावे आणि तांत्रिक परीक्षा, विभागप्रमुखांची भेट, पगाराचे बोलणे हे सगळे एकाच दिवशी उरकावे. मोठ्या कंपन्यांनी शेवटच्या फेरीचे दुसऱ्या वर्गाचे भाडे दिले तर त्यांच्या ताळेबंदात ते दिसणारही नाही. रेल्वे भरती मंडळाच्या परीक्षांना जाणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना रेल्वे मोफत प्रवासाची सोय देते, तेव्हा ही कल्पना आपल्याकडे अनोळखी नाही. सरकारी नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या बेरोजगारांना रेल्वेभाड्यात जी सवलत मिळत असे, ती मार्च २०२० मध्ये इतर अनेक सवलतींबरोबर थांबली. ती पुन्हा सुरू व्हावी यासाठी आपल्या खासदारांनी प्रयत्न करावेत.

जाहिरातीत स्पष्ट लिहावे, हीही माझी विनंती आहे. एखाद्या कामाला खरोखरच आजपासून आणि त्याच भागातला माणूस हवा असेल, तर तसे लिहा, कोणाची तक्रार राहणार नाही. पण 'महाराष्ट्रातून अर्ज मागवत आहोत' असे छापायचे आणि आत पुणे सोडून सगळे गाळायचे, यात शेकडो मुलांच्या रात्री आणि आशा वाया जातात. नकार द्यायचा असेल तर दोन ओळींत द्या. माझ्या मुलीच्या अकरा फोनपैकी एकाच कंपनीने निवड झाली नसल्याचे लेखी कळवले. ते पत्र तिने अजून जपून ठेवले आहे, कारण निदान आपला अर्ज कोणीतरी वाचला याचा तो पुरावा आहे.

राहण्याचा प्रश्न मुलींच्या बाबतीत अधिक अवघड आहे. पुण्यात कॉट बेसिसवर जागा मिळते, पण महिन्याचे भाडे आणि डिपॉझिट आधी द्यावे लागते. फ्लॅट घ्यायचा तर अकरा महिन्यांचा करार, दलाली आणि पोलीस पडताळणी आलीच. मुलाखतीपुरता दोन-तीन दिवसांचा सुरक्षित मुक्काम हवा असेल तर लॉजशिवाय पर्याय नसतो, आणि एकट्या मुलीला लॉजवर राहू द्यायला किती आईवडील तयार होतील? केंद्राच्या 'सखी निवास' योजनेत नोकरदार महिलांसाठी वसतिगृहे आहेत. अशा वसतिगृहांत मुलाखतीचे पत्र दाखवणाऱ्या मुलींसाठी चार-सहा खाटा राखून ठेवल्या आणि त्या माफक दरात दिल्या, तर विदर्भ-मराठवाड्यातल्या कितीतरी मुलींचा पुण्या-मुंबईचा रस्ता मोकळा होईल. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रांनी याची नोंदणी आपल्याकडे घ्यावी. त्या केंद्रांत उमेदवारांची नावे आधीच आहेत.

हे सगळे पुण्याला उद्देशून लिहिताना आपल्या नागपूरकडे डोळेझाक करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मिहान, हिंगणा आणि बुटीबोरीत काम देणारे आपले लोक गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याच्या मुलांना असेच वागवतात. माझा एक विद्यार्थी सिरोंचा तालुक्यातला होता. इतका हुशार फिटर मी क्वचित पाहिला. हिंगण्याच्या एका वर्कशॉपमध्ये त्याला "नागपुरात नातेवाईक आहेत का? नाहीत, तर मग राहणार कुठे?" असे विचारून परत पाठवले. तो दिवसभर एसटीने प्रवास करून आला होता आणि रात्र त्याने गणेशपेठच्या बसस्थानकावर काढली. सकाळी तो माझ्याकडे आला तेव्हा आम्ही त्याला चहा-पोहे दिले आणि माझ्या ओळखीने दुसरीकडे लावून दिले. ओळख होती म्हणून तो लागला. ज्यांची कोणाशी ओळख नाही त्यांच्याबद्दल आपण काय करणार आहोत? विदर्भातल्या उद्योजकांच्या संघटनांनी आधी आपल्या वसाहतींत हा नियम पाळावा, मग पुण्याला सांगण्याचे बळ आपल्याला येईल.

उमेदवार मुला-मुलींसाठी चार शब्द अनुभवातून लिहितो. पत्ता खरा लिहा, पण त्याच्याच खाली ठळकपणे लिहा की पुण्यात स्वखर्चाने राहायला येण्याची तयारी आहे, नोटीस पिरियड किती दिवसांचा आहे आणि अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत मी पुण्यात मुलाखतीसाठी उपलब्ध आहे. ही तारखांची ओळ फार उपयोगी पडते. नक्की केव्हा भेटता येईल हे दिसले की पलीकडच्या माणसाचा अर्धा संकोच जातो. मग त्या एका आठवड्यात तीन-चार ठिकाणच्या भेटी बसवायच्या, म्हणजे एका भाड्यात सगळे होते. राहायला का येता, याचे उत्तर तयार ठेवा आणि ते खरे असू द्या. "पीएलसीचे काम नागपूरपेक्षा इथे जास्त आहे आणि मला त्यातच राहायचे आहे" हे उत्तर मुलीने गेल्या महिन्यात मानेवाड्याच्या पत्त्यासह दिले आणि तिची पहिली फेरी व्हिडिओवर झाली. दुसऱ्या फेरीसाठी तिला सहा दिवस आधी कळवले आहे. पुढच्या गुरुवारी ती जाईल.

शेवटी एक विनंती आपल्या दैनिकालाच करतो. आपल्या अंकात दर आठवड्याला नोकरीविषयक छोट्या जाहिराती येतात. जाहिरात स्वीकारताना आपण जाहिरातदाराकडून कामाचे ठिकाण आणि शिक्षणाची अट विचारताच. त्याबरोबर 'बाहेरगावच्या उमेदवारांचा विचार होईल किंवा नाही' आणि 'पहिली मुलाखत व्हिडिओवर होईल किंवा नाही' अशा दोन ओळी भरून घ्याव्यात आणि त्या जाहिरातीसोबत छापाव्यात. जागा फारशी लागणार नाही. आपल्या नागपूर आवृत्तीपासून ही सुरुवात झाली, तर गडचिरोलीतल्या मुलाला हिंगण्याची एसटी पकडण्याआधी तिथे आपला अर्ज वाचला जाणार आहे की नाही, एवढे तरी कळेल.

आपला,
एक निवृत्त अधिव्याख्याता
मानेवाडा, नागपूर